ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्रण

सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण वातावरणातील ऑक्सिजन, नायट्रोजनला उद्दीपित करतात तेव्हा दिसणाऱ्या ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे टिपण्याची कला. पहिली छायाचित्रे १८९२ मध्ये उत्तर नॉर्वेत मार्टिन ब्रेंडेल याने घेतली. तिवई, रुंद कोनाचे भिंग, अनंतावर हाताने जुळवलेला फोकस, आयएसओ १६०० च्या आसपास आणि ५ ते १५ सेकंदांचे उद्भासन एवढे पुरते; प्रकाश वेगाने हलत असेल तर वेळ कमी ठेवावी, नाहीतर प्रकाशाचे पडद्यासारखे पट्टे पुसट होतात.

४ फेब्रुवारी १८७२ च्या भूचुंबकीय महावादळात हा प्रकाश मुंबईतूनही दिसल्याची नोंद आहे. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरची लाल आभा टिपली. कमी अक्षांशांवर असा लाल रंगच दिसतो, कारण तो २०० किमीहून उंचावरच्या ऑक्सिजनचा असतो. डोळ्यांना तो जेमतेम जाणवतो.

महाराष्ट्रात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तळोद्याहून (अक्षांश सुमारे २१.६° उ.) असे दृश्य १८७२ सारख्या वादळातच संभवते. त्यातही उत्तरेचे क्षितिज सातपुड्याने अडवलेले. सातपुड्यातीलच तोरणमाळसारखे उंच पठार त्यामानाने सोयीचे.