आघातरहित दंतपूरण

आघातरहित दंतपूरण (एआरटी) : किडलेल्या दातातला मऊ पडलेला भाग केवळ हातातील अवजारांनी कोरून काढून खड्डा सिमेंटने बुजवण्याची पद्धत. वीज, नळाचे पाणी, फिरते यंत्र काहीच लागत नाही. बहुधा भूलही द्यावी लागत नाही. त्यामुळे शाळेतल्या बाकावरही दात भरता येतो. दवाखाना लांब असलेल्या मुलाची किडकी दाढ एरवी ठणकेपर्यंत तशीच राहते आणि मग उपटली जाते.

इतिहास : १९८०–९० च्या दशकाच्या मध्यास टांझानियात दार-ए-सलाम येथे यो फ्रेंकन यांनी ती विकसित केली. १९९१ मध्ये थायलंडच्या, १९९३ मध्ये झिंबाब्वेच्या ग्रामीण भागात तिच्या चाचण्या सुरू झाल्या. ७ एप्रिल १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला.

द्रव्य : ग्लास आयोनोमर सिमेंट. लंडनमधील ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी त्याची माहिती १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. ते ओलसर दातालाही रासायनिक रीत्या चिकटते आणि फ्लोराइड सोडत राहते. २०२१ पासून ते संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

कृती : मुलाला आडवे निजवून भरणारा त्याच्या डोक्याशी बसतो. गालाशी कापसाच्या वळ्या ठेवून दात कोरडा राखतात. खड्ड्याचे तोंड अरुंद असल्यास छोट्या छिन्नीने रुंद करतात, मग चमच्यासारख्या टोकाच्या कोरणीने कीड काढतात : आधी कडेची, नंतर तळाची. घाई नडते ती कडेलाच. तिथे कीड राहिली की भरण निसटते. खड्डा सौम्य आम्लाने पुसून ओल्या बोळ्याने धुतात. भुकटी व द्रव अर्ध्या मिनिटाच्या आत कालवावे. लगदा चकाकत असेतो चिकटतो. चकाकी गेली की तो टाकून द्यावा. उन्हाळ्यात ही वेळ आणखी आखूड होते. भरल्यावर हातमोज्यावर व्हॅसलीन लावून बोटाने दाबून धरतात, जास्तीचे काढतात. तासभर काही खायला देऊ नये.

टिकाऊपणा : दुधाच्या दातांत एकाच पृष्ठभागावरचे भरण दोन वर्षांनंतर दहांपैकी नऊंहून अधिक दातांत शाबूत आढळते, दोन दातांच्या सांध्यातले मात्र दहांपैकी सुमारे सहा दातांत. यंत्राने केलेल्या भरणाशी तुलनेबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. गळू झालेल्या वा मज्जेपर्यंत किडलेल्या दातात ही पद्धत वापरू नये.

खर्च : मुख्यतः सिमेंट व कापसाचा.

भारत : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यात दातांची कीड तपासली जाते. परंतु अंगणवाडी व शाळेत जाणाऱ्या पथकाच्या रचनेत आयुष डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माता असतात, दंतवैद्य जिल्हा केंद्रात. कीड सापडलेल्या मुलाला तेथवर नेण्यासाठी पालकांचा दिवसाचा रोज बुडतो.