नोंद आढळली नाही

आमच्या कुंडलच्या जवळचे रेल्वे स्टेशन आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते. पूर्वी त्याचे नाव 'कुंडल रोड' होते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या तिथल्या माळावर कारखाना काढला, भोवती वसाहत वसली आणि पुढे स्टेशनाने वसाहतीचे नाव घेतले. माझे आजोबा मात्र अखेरपर्यंत कुंडल रोडचेच तिकीट मागत. खिडकीतला बाबू काही न बोलता किर्लोस्करवाडीचे तिकीट पुढे सरकवी. दोन्ही नावे एकाच स्टेशनाची, हे त्याला ठाऊक होते. मी आज ज्या खिडकीविषयी बोलणार आहे, तिच्यामागे असा बाबू नसतो.

तिला वेब सर्व्हिस म्हणतात. नाव परके वाटेल, पण तिचा वापर आपण रोज करतो. रेल्वेशी संबंध नसलेली एखादी वेबसाईटसुद्धा आपले तिकीट पक्के झाले की नाही ते सांगते. तिच्याकडे रेल्वेचे दप्तर नसते. ती ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या साच्यात प्रश्न पाठवते. पलीकडचा संगणक दप्तर चाळून उत्तर धाडतो. इथे माणूस माणसाला विचारत नाही, यंत्र यंत्राला विचारते.

मी बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. मला या उठाठेवी कशाला, असे कुणी म्हणेल. झाले असे, की एका लहानशा वाचनालयाला आपली पुस्तकांची यादी घरबसल्या सर्वांना पाहता यावी असे वाटले आणि त्यांनी माझ्या भाच्याला गाठले. भाचा मला म्हणाला, "मामू, दाखल नोंदवहीतलं अक्षर मला लागत नाही. तुम्ही वाचा, मी टाइप करतो." त्या वाचनात आमचा अख्खा पावसाळा गेला.

भाच्याने आधी एक तक्ता केला. दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, आणि पुस्तक कपाटात आहे की कुणी नेले आहे, एवढेच रकाने. मग चाळीस-पन्नास ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. हीच ती सर्व्हिस. ती सर्व्हरवर बसून वाट पाहते. तिच्या पत्त्याच्या शेवटी लेखकाचे नाव जोडून पाठवले, की ती तक्त्यात शोधते आणि सापडलेल्या नोंदी परत देते. त्यांना ना रंग ना चित्र. महिरपी कंसात नुसत्या जोड्या. 'लेखक' आणि त्यापुढे नाव, 'क्रमांक' आणि त्यापुढे आकडा. या मांडणीला जेसन म्हणतात. दुसऱ्या बाजूला वाचनालयाची वेबसाईट. तिच्यावर एक चौकट आणि 'शोधा' असे बटण. बटण दाबले की वाचकाचा ब्राउझर मागच्या मागे सर्व्हिसकडे जाऊन नोंदी आणतो आणि पान त्या नीट मांडून दाखवते.

पहिल्या दिवशी पानावर काहीच आले नाही. वेबसाईट एका पत्त्यावर, सर्व्हिस दुसऱ्या. अशा वेळी 'या वेबसाईटला माझी परवानगी आहे' असे सर्व्हिसने स्वतः कळवल्याखेरीज ब्राउझर परक्या दारातून आलेले उत्तर पानाच्या हाती देत नाही. भाच्याने परवानगीची एक ओळ लिहिली आणि दार उघडले. मला ही शिस्त आवडली. आमच्या मोहल्ल्यातही दुसऱ्याच्या घरचे ताट पोराच्या हाती असेच देत नाहीत.

ही विद्या तशी फार जुनी नाही. जीनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने ते तंत्र जगाला फुकट खुले केले. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. तेव्हाची पाने माणसांनी वाचायची होती. १९९८ च्या सुमारास यंत्रांनी एकमेकांना विचारण्याचे साचे तयार होऊ लागले. पुढे ते इतके किचकट झाले, की २००० साली रॉय फील्डिंग यांनी आपल्या प्रबंधात मांडलेला साधेपणा लोकांना फार भावला. पत्ता, मागणे आणि देणे हे जे वेबमध्ये आधीपासूनच आहे, त्यावरच काम भागते, असा त्याचा सोपा अर्थ. २००२ मध्ये ॲमेझॉनने आपली मालाची सूची इतर वेबसाईटना विचारता येईल अशी खुली केली. ही कंपनी मुळात पुस्तकविक्रेती. म्हणजे आमच्या वाचनालयाचे घराणे काही हलके नाही!

पण कचेरी माणसाच्या दारापर्यंत आणण्याची ओढ आमच्या मुलखात संगणकापेक्षा जुनी आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालवली आणि कुंडल हे त्या चळवळीचे मोठे केंद्र. तक्रार घेऊन तालुक्याला जायचे, पायरीवर दिवस घालवायचा, हे त्याने वाचले. गावातच बसून गावाला विचारता येते, हे इथल्या लोकांनी तेव्हा पाहिले.

पुढे वारणा नदीच्या पलीकडे, वारणानगरला, याच ओढीतून दुसरा प्रयोग झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी संगणकाचा प्रकल्प हाती घेतला. ऊस लावणाऱ्याला काय जाणून घ्यायचे असते? लागणीची नोंद झाली का, तोड कधी येणार, किती टन भरला, खताचे किती कापले. त्यासाठी कारखान्यावर खेटे घालावे लागत. आता गावातल्या केंद्रात जायचे, तिथल्या पोराने संगणकात पाहायचे आणि सांगायचे. कल्पना मोठी होती. गावाला सगळे जग दाखवायचे होते. प्रत्यक्षात लोक जगाविषयी नव्हे, आपल्या उसाविषयी विचारत राहिले. संगणक जुने होत गेले, दुरुस्ती महाग पडू लागली.

तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या संशोधकांनी तिथे जाऊन एक साधा उपाय केला. गावातल्या संगणकाच्या जागी मोबाईल. कारखान्याच्या बाजूला एका संगणकाला एक फोन जोडलेला. ठरावीक साच्यात एसएमएस पाठवायचा. संगणक तो वाचून दप्तरात शोधणार आणि उत्तर एसएमएसनेच परत. सात गावांत त्याची चाचणी झाली. २००७ मध्ये त्यांनी हे काम अभ्यासकांपुढे मांडले. माझ्या भाच्याने लिहिले ते आणि हे, मुळात एकच. साच्यात विचारा, उत्तर घ्या. मला त्यातला 'साच्यात' हा शब्द टोचतो.

कारण आमची सर्व्हिस चालू झाल्यावर पहिले नाव मी टाकले 'शेख मोहम्मद'. श्रीगोंद्याचे संतकवी, 'योगसंग्राम'चे कर्ते. उत्तर आले, नोंद आढळली नाही. पुस्तक तर मीच वाचून सांगितले होते! नोंदवहीत होते 'शेख महंमद'. शाहीर अमर शेखांची तीच गत. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. यादीने 'शेख' हे आडनाव समजून पुढे घेतले आणि 'अमर शेख' असे सरळ विचारणारा रिकाम्या हाताने परतला. 'ग़ज़ल' असे नुक्ते देऊन विचारले तर एकही पुस्तक नाही, 'गझल' म्हटले की ओळीने हजर.

भाचा म्हणाला, "मामू, सर्व्हिस बरोबर चालते. उत्तराचा कोड बघा, २००." २०० म्हणजे सर्व ठीक. यादी रिकामी, कवी गायब, आणि सर्व ठीक.

मी थोडा तापलो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी अब्बांच्या नावाचा एक कागद काढायला मी एका खिडकीवर गेलो होतो. तिथेही हेच वाक्य पडद्यावर उमटले. एका कागदावर ते 'रहिमान', दुसऱ्यावर 'रेहमान'. समोरचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, "चाचा, सिस्टीममध्ये नाहीत." ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून बेंदराचे बैल दाखवले, तो सिस्टीममध्ये नव्हता. तीन खेपा आणि एक प्रतिज्ञापत्र झाल्यावर सापडला.

बरे, हे केवळ आमच्या नावांचे दुखणे नाही. मराठीतला 'ऱ्या' संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही 'दऱ्या' सारख्याच दिसतात. आतले आकडे वेगळे, म्हणून यंत्राला ते दोन शब्द वाटतात. भाच्याने यावर इलाज केला. शोधण्याआधी दोन्ही रूपे एकच करून घ्यायची. नुक्तेही तसेच काढून टाकले आणि 'ज'-'झ' एक मानले. अर्थात फक्त शोधताना, छापताना नाही, अशी अट मी घातली. नावांना मात्र असा सरसकट नियम लागू पडत नाही. महंमद आणि मोहम्मद एकच, हे कुणीतरी सांगावे लागते.

म्हणून तक्त्यात आम्ही आणखी एक रकाना घातला, 'इतर रूपे'. तो भरायचे काम माझ्याकडे आहे. शंभर पानी वही केली आहे. शेख महंमदांसमोर सध्या चार रूपे आहेत. अमर शेखांसमोर मेहबूब, महेबूब, पटेल. किर्लोस्करवाडीवरच्या पुस्तकांसमोर मी 'कुंडल रोड' लिहून ठेवले आहे. आजोबा काही विचारायला येणार नाहीत, पण असू दे.

परवा भाच्याने विचारले, "मामू, गझलेची किती रूपं लिहू?" मी चार सांगितली. पाचवे रात्री आठवले.