पाचाड, ५ जून : पहाटे तीन चाळीसपर्यंत

सायंकाळी ६.००
उद्या शिवराज्याभिषेक दिन. महाडकडून येणाऱ्या गाड्यांची रांग लागलीय, कित्येक जण रात्रीच गड चढणार. जिजाऊंच्या समाधीपासून जवळच दोघा भावांची पत्र्याची शेड आहे. आत हौसेनं जुळवलेला सीएनसी राउटर. गँट्रीला डावी-उजवीकडे एकेक स्टेपर मोटर, मधे स्पिंडल, खाली सागवानी फळी. तिच्यावर राजमुद्रा कोरायची आणि सकाळी गावातल्या पोरांनी ती गडावर न्यायची. ढोबळ कटिंग उरकलंय, बारीक काम बाकी.

६.५०
कटर वर उचलून गँट्री मागच्या टोकाकडे निघाली आणि डावी मोटर घरघरू लागली. थोरल्यानं लाल बटण दाबलं. गँट्री जराशी तिरकी झाली होती, फळी शाबूत होती.

७.१५
धाकट्यानं मोटरला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "दादा, मोटर गेली बघ. भाजतंय नुसतं." खरं तर स्टेपर मोटर गरमच असते. जागेवर उभी असतानाही तिच्यातून करंट वाहतो, साठ-सत्तर अंशांपर्यंत तापणं नेहमीचं. पण त्या चटक्यानं संशय मोटरवर बसला तो बसलाच.

८.००
तरी तपास पद्धतशीर झाला, हे सांगायलाच हवं. शाफ्ट आणि कपलरवर मार्करनं एक रेघ ओढली; मोटर फिरवल्यावर ती जुळलेलीच राहिली, म्हणजे स्क्रू सैल नव्हता. मग वीज बंद करून, मोटरींना करंट पुरवणाऱ्या ड्रायव्हरवरचे दिवे विझेपर्यंत थांबून, दोन्ही मोटरींच्या वायरी ड्रायव्हरच्या टोकाला अदलाबदल केल्या. कपलर सोडवून मोटरी फिरवून पाहिल्या. घरघर डावीकडेच राहिली. ड्रायव्हर निर्दोष.

मग मल्टिमीटर. चार तारा, दोन कॉइल. दोन्हींचा रोध सारखा, दोन ओहमच्या आत. इथे दोघं अडले. मीटर म्हणतो सगळं ठीक, मोटर म्हणते नाही. "तापल्यावर आतलं वाइंडिंग तुटत असेल," थोरला म्हणाला. तर्क चुकीचा म्हणता येत नाही, तसंही होतं. पण गँट्रीबरोबर वाकत सरकणाऱ्या ड्रॅग चेनमधली वायर मोजताना स्वस्थ पडून होती, ती कुणी हलवली नाही.

९.३०
दुसरी मोटर महाडच्या मित्राकडे. गडाच्या गर्दीतून वाट काढत तो मोटारसायकलवर आला तेव्हा अकरा वाजून गेले होते.

११.४०
नवी मोटर, जुनीच वायर. लाकडाला न लावता चाचणी घेतली, टेबलाच्या पुढच्या अर्ध्यात. आवाज स्वच्छ. धाकटा हसला, चहा झाला.

१२.१०
कोरीव काम सुरू.

१.३०
अक्षरं इतकी सुबक उतरत होती की बघत राहावं. याच वेळी यंत्राचा सगळ्यात मोठा दुबळेपणा कामाला लागला होता. नेहमीची स्टेपर मोटर दोनशे पावलांत एक फेरा पुरा करते. कंट्रोलर पल्स पाठवतो आणि पाऊल पडलं असं धरून चालतो. पडलं का, हे विचारायची सोय हौशी यंत्रात बहुधा नसतेच. एन्कोडर असलेली महागडी मोटर असती तर चूक होताच यंत्र थांबलं असतं.

३.१०
काम मागच्या ओळीवर आलं. गँट्री सरकते तसं ड्रॅग चेनचं वळण वायरीवरून पुढे सरकत जातं. ते आता नेमकं संध्याकाळच्या जागी पोचत होतं.

३.४०
डावीकडे घरघर. डावी बाजू थांबली, उजवी चालत राहिली. गँट्री तिरकी झाली आणि लाकडात रुतलेला कटर झालेल्या अक्षरांवरून आडवा ओढला गेला, क्लॅम्पवर आदळून तुटला. धाकट्यानं बटण दाबेपर्यंत सगळं संपलं होतं. करंट वाहत असताना कॉइलची तार तुटली की कॉइलमधली ऊर्जा मोठ्या व्होल्टेजचा झटका देते. त्यात ड्रायव्हरही गेला.

४.३०
वायर चेनमधून बाहेर काढली. मीटर लावून ती बोटांनी वाकवत नेली, आणि एका ठिकाणी आकडा गायब झाला. सोडली की परत आला. वरचं प्लॅस्टिक अखंड, आतलं तांबं तुटलेलं. एका जागी स्थिर राहणाऱ्या जोडणीसाठी बनवलेली साधी चारतारी वायर रोज शेकडो वेळा वाकत होती. सतत वाकण्यासाठी बारीक तारांची लवचीक केबल वेगळी मिळते, आणि ती मोटरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

फळी त्या सकाळी गडावर गेली नाही. तुमच्या यंत्राचा अक्ष ठरावीक जागीच अडखळत असेल, तर मोटर बदलण्याआधी वीज बंद करा, मीटर लावा आणि वायर टोकापासून टोकापर्यंत वाकवत मोजा. नंतरची चाचणीही टेबलाच्या चारही कोपऱ्यांपर्यंत घ्या.