कागद जागेवर धरा!

प्रिंटरच्या इतिहासावरचं काहीही वाचायला घ्या, त्यात हीरो कोण असतो? शाईचा थेंब. थेंब किती छोटा, किती वेगात उडतो, सेकंदाला किती हजार उडतात, सगळं कौतुक त्याचं. कागदाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पण हायस्पीड इंकजेट यायला इतकी वर्षं लागली त्यात कागदाला नीट, सपाट, जागच्या जागी धरून ठेवणं ह्या कामाचा वाटा मोठा आहे. म्हणून ह्या वीकेंडचा लेख थेंबावर नाही, कागदावर.

आधी थोडं मागे जाऊ. गुटेनबर्गच्या काळात (१४५५ च्या आसपासची गोष्ट) कागद प्रेसमध्ये कसा धरायचे? एका कापड किंवा कातडं ताणलेल्या चौकटीवर ठेवून, टोकदार टाचण्यांत अडकवून. त्याच्या बायबलच्या पानांवर त्या टाचण्यांची भोकं अजून दिसतात. आणि गंमत म्हणजे हे लोक छापण्याआधी कागद मुद्दाम ओला करायचे! ओला कागद मऊ होतो, खिळ्यांवरची शाई नीट उचलतो. पुढची जवळजवळ चारशे वर्षं छापखान्यांत हेच चाललं. ओला कागद फुगतो, वाकडा होतो, हे त्यांना माहीत नव्हतं का? चांगलंच माहीत होतं. पण त्यांना त्याचं फारसं वाटत नसे, कारण छापताना वरून असा काही दाब पडायचा की कागदाची काय बिशाद सपाट न होण्याची.

इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. खिळे असोत, शिळाप्रेस असो, ट्रेडल असो की ऑफसेट, ह्या सगळ्यांत कागद दाबला जातो. दाबल्यामुळे शाई लागते, आणि त्याच दाबामुळे कागद सपाटही होतो. दुसरं काम फुकटात. आपल्याकडे जुन्या सिस्टिममध्ये एखादं मॉड्यूल असतं ना, नाव एक, पण गुपचूप आणखी तीन कामं करत असतं, आणि ते काढून टाकल्यावर मग फोन यायला लागतात... अगदी तसं. इंकजेटने दाब काढून टाकला. शाई लांबूनच फेकायची, कागदाला शिवायचंच नाही! आणि मग लक्षात आलं की कागदाला धरून ठेवणारं आता कोणीच उरलं नाहीये.

सुरुवातीला हे कोणाच्या लक्षात आलं नाही त्याला कारण आहे. लांबून शाई फेकायची कल्पना विल्यम थॉमसनची, म्हणजेच नंतरचा लॉर्ड केल्विन. १८६७ मध्ये त्याने सायफन रेकॉर्डरचं पेटंट घेतलं. समुद्राखालच्या टेलिग्राफ केबलमधून येणारा सिग्नल इतका अशक्त असायचा की पेन कागदावर घासलं तरी त्यातली सगळी ताकद संपायची. म्हणून त्याने बारीक काचेच्या नळीतल्या शाईला वीजभार दिला, शाई आपली आपण कागदाच्या पट्टीवर उडायला लागली. (१८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली. अशाच लांबलचक केबलींसाठी ही सगळी खटपट होती.) पण इथे कागद म्हणजे एक अरुंद पट्टी, दोन्ही बाजूंनी ताणलेली. ती कशाला हलतेय!

पुढे १९५१ मध्ये स्वीडनच्या रूने एल्मक्विस्टने वैद्यकीय आलेख काढण्यासाठी शाईच्या फवाऱ्याचं पेटंट घेतलं. (ह्याच माणसाने १९५८ मध्ये शरीरात बसवायचा पहिला पेसमेकर बनवला, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) त्याच्याकडेही ताणलेली पट्टीच. १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये रिचर्ड स्वीटने थेंबांना वीजभार देऊन हवं तिथे वळवायची पद्धत काढली, आणि तिचे वंशज आज बाटल्यांवर, पाकिटांवर तारखा छापतात. तिथे अक्षर केसभर इकडेतिकडे झालं तर कोण तक्रार करणार?

तक्रारी सुरू झाल्या त्या इंकजेटने चित्रं छापायला घेतल्यावर. अख्खं पान, चार रंग, बारीक ठिपके. आयरिस ग्राफिक्स ह्या अमेरिकन कंपनीच्या प्रिंटरमध्ये कागद एका ड्रमभोवती गुंडाळायचे आणि ड्रम गरगर फिरवायचे. पद्धत चोख. ड्रमवर घट्ट बसलेला कागद हलणार कुठे? फक्त एक एक चित्र निघायला वेळ लागायचा. ह्या प्रिंटरची एक गोष्ट मला फार आवडते. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश ह्या बँडमधला ग्रॅहम नॅश, त्याला फोटोग्राफीचा नाद. त्याने १,२६,००० डॉलरला आयरिस ३०४७ घेतला. त्याच्या लोकांना त्यावर जाड वॉटरकलर पेपर वापरायचा होता, पण प्रिंटहेड आणि ड्रम ह्यांच्यामधली फट होती पातळ कागदासाठी. मग काय, त्यांनी सरळ हॅकसॉ घेतली, मशीनचा एक भाग कापला आणि हेड्स मागे सरकवली! वॉरंटी अर्थातच गेली. त्यातून १९९१ मध्ये नॅश एडिशन्स उभी राहिली, आणि तो कापलेला प्रिंटर पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये गेला. एक-दोन मिलिमीटरच्या फटीसाठी करवत चालवायची वेळ का यावी, ते आता बघू.

थोडं गणित, घाबरू नका. थेंब साधारण सेकंदाला ७ मीटर वेगाने खाली येतो असं धरू. हेडपासून कागद १ मिलिमीटर लांब, म्हणजे थेंब सुमारे १४३ मायक्रोसेकंद हवेत असतो. खालून कागद सेकंदाला २ मीटर वेगाने पळतोय. तेवढ्यात तो ०.२९ मिमी पुढे गेलेला असणार. हरकत नाही, सगळे थेंब सारखेच चुकले तर सॉफ्टवेअरमध्ये एक ऑफसेट टाकला की झालं. पण कागद मध्येच ०.२ मिमी वर उचलला गेला तर? तिथले थेंब २९ मायक्रोसेकंद आधी पोचतात आणि जवळजवळ ५७ मायक्रॉन चुकीच्या जागी पडतात. ६०० डीपीआयला दोन ठिपक्यांमधलं अंतर असतं ४२ मायक्रॉन. म्हणजे साध्या ऑफिसच्या कागदाच्या दोन जाडींइतका फुगवटा आला की ठिपका आपलं घर सोडून शेजारच्याच्याही पलीकडे! नेटवर्कवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. लेटन्सी चालते, जिटर चालत नाही.

मग फट कमी करा की! कमी केली की दुसरं संकट. कागदाचा दुमडलेला कोपरा हेडला घासतो. घरच्या प्रिंटरमध्ये शाईचा डाग पडेल. मोठ्या मशीनमध्ये मात्र पानभर रुंदीची हेड्स शेजारी शेजारी जागेवर बसवलेली असतात, त्यातलं एक खराब झालं की आख्खं प्रॉडक्शन थांबतं आणि बिल येतं ते वेगळंच.

आणि कागद उठतो का? कारण शाई म्हणजे बहुतांशी पाणी. कागदाचा धागा पाणी प्यायला की लांबीत फारसा वाढत नाही, पण जाडीत चांगला फुगतो. मशीनवर बनलेल्या कागदात बहुतेक धागे एकाच दिशेला झोपलेले असतात, त्यामुळे कागद आडवा जास्त पसरतो. फोटो छापलेला भाग ओला, आजूबाजूचा कोरा भाग कोरडा. ओल्याला पसरायचंय, कोरडा जागा देत नाही. मग ओला भाग जातो कुठे? वर. उन्हात घातलेल्या पापडाच्या कडा कशा वळतात ते आठवा, साधारण तीच भानगड, फक्त उलट बाजूने.

घरगुती प्रिंटरवाल्यांनी ह्यावर मस्त जुगाड केले. एचपीचा थिंकजेट १९८४ मध्ये आला तेव्हा चांगल्या छपाईसाठी खास कागद लागायचा. १९८८ च्या डेस्कजेटने साध्या कागदावर ३०० डीपीआय आणलं. ह्या जातीच्या प्रिंटरांत कागद थांबतो आणि हेड वरून फिरतं. कागद बाहेर पडतो तिथे डोकावून बघा, छोट्या छोट्या चांदणीसारख्या दातेरी चकत्या दिसतील. ओल्या शाईवर रोलर टेकवला तर फासणार, म्हणून फक्त टोकं टेकवायची. आणि खालच्या पट्टीवर उभ्या कडा असतात. कागद फुगणारच असेल तर त्या कडांच्या मधल्या खोलगट जागेत, हेडपासून लांब, खाली फुगू दे. शिवाय तीच जागा दोन-चारदा वरून छापली की चुका एकमेकींत लपतात.

खरी परीक्षा आली ती सिंगल पास मशीनमध्ये. कागद एकदाच खालून जाणार, दुसरी संधी नाही. २००८ साली ड्युसेलडॉर्फच्या द्रुपा प्रदर्शनात अशी बरीच मशीन्स एकदम दिसली, आणि पुस्तकं, बिलं, जाहिरातपत्रकं ऑफसेटकडून इंकजेटकडे जाणार का, ह्यावर मोठा पैसा लागला. एचपीचा टी३०० रिळाच्या कागदावर मिनिटाला १२२ मीटर छापायचा. रिळावर कागद धरायचं साधन म्हणजे ताण. पण ताण सगळं सोडवत नाही. दोघींनी मिळून साडीची घडी घालताना दोन टोकं ओढली की मधे उभ्या चुण्या पडतात ना? आडव्या पसरलेल्या ओल्या कागदाच्या रिळावर हुबेहूब तशाच चुण्या पडतात, आणि जास्त ओढून त्या जात नाहीत. म्हणून हेडच्या बरोबर खाली रोलर ठेवून कागद त्यावरून थोडासा वळवतात. वळलेल्या कागदावर चुणीला उभं राहणं अवघड जातं.

सुट्या कागदांना ताणही देता येत नाही. तिथे मुख्य आधार व्हॅक्यूमचा. भोकं असलेला पट्टा किंवा ड्रम, खालून हवा ओढायची. ए४ कागदाचं वजन ५ ग्रॅम. त्याच्याखाली वातावरणाच्या दाबापेक्षा फक्त एक टक्का कमी दाब केला तर पूर्ण पानावर मिळून सहा किलोच्या वर जोर बसतो! (स्थिर विजेने कागद चिकटवायची पद्धतही आहे, एचपीचे जुने पेन प्लॉटर तसेच चालायचे. पण दमट हवेत कागद वीज धरून ठेवत नाही. आपल्या जुलै महिन्यात ह्या पद्धतीवर मी तरी पैज लावणार नाही.) फुजीफिल्मने २००८ च्याच द्रुपात दाखवलेला जेट प्रेस ७२० मला ह्यातला सर्वात हुशार वाटतो. जुन्या ऑफसेटसारखे ग्रिपर कागदाची पुढची कड पकडतात, ड्रम खालून शोषून धरतो, आणि त्याआधीच कागदावर एक द्रव लावलेला असतो, ज्याने शाई पडल्यापडल्या घट्ट होते. तासाला २,७०० कागद. म्हणजे घूम-फिरके परत आयरिसचा ड्रम आणि छापखान्याचा ग्रिपर!

व्हॅक्यूमनेही एक नवा बग आणलाच. पट्ट्यावर दोन कागदांच्या मधे थोडी जागा सुटते. तिथली भोकं उघडी, ती वरची हवा जोरात खाली ओढतात, आणि कागदाच्या कडेवर पडणारे थेंब त्या वाऱ्याने भरकटतात. पानाच्या मधली छपाई खणखणीत, कडेची अक्षरं धूसर. धरायला जे लावलं त्यानेच घोळ केला! मग हेडखालच्या भागात शोषण कमी करा, भोकांची जागा बदला, उघडी भोकं झाका, अशा उपायांची पेटंटं निघत राहिली.

बेनी लांडाने २०१२ च्या द्रुपात वेगळाच मार्ग दाखवला. शाई आधी गरम पट्ट्यावर छापायची, तिथेच पाणी उडवायचं आणि उरलेला कोरडा थर कागदावर दाबायचा. कागद ओलाच होत नाही. आणि बघा, दाब परत आला.

ब्रदर कंपनीच्या काही पेटंटांत मात्र एकदम उलटा विचार आहे आणि तो खास आपल्या धंद्यातला आहे. त्यांच्या यंत्रणेत वरून आणि खालून टेकू देऊन कागदाला मुद्दाम पत्र्यासारखा नागमोडी करतात, म्हणजे तो ताठ राहतो. मग लाटेवर हेड आलं की थेंब जरा उशिरा सोडायचा, खळग्यावर आलं की जरा लवकर. कोणत्या लाटेला किती, ते प्रिंटरच्या मेमरीत लिहून ठेवलेलं. छापलेलं पान बाहेर येतं तेव्हा सरळच दिसतं.

पानावरची शाई वाळवण्याची भानगड अजून राहिलीच आहे. ती पुढच्या शनिवारी.