पॉवर वीडर
पिकाच्या दोन ओळींमधील तण काढणारे, लहान पेट्रोल इंजिनावर चालणारे यंत्र. बालाघाट डोंगररांगेवरील तुळजापूर तालुक्यात सोयाबीनच्या कोळपणीला ते उपयोगी पडते. हंगामानंतर टाकीत राहिलेले पेट्रोल हे सुरू न होण्याचे नेहमीचे कारण: शिळे पेट्रोल कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट थर धरते, आणि इथेनॉलमिश्रित असल्यास हवेतला ओलावाही ओढते. म्हणून यंत्र ठेवताना टाकी व कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करावेत. दोरी ओढून थकण्याआधी पेट्रोलचा कॉक, काजळलेला प्लग व एअर फिल्टर पाहावा. पात्यांत गुंतलेले गवत काढताना इंजिन बंद करून प्लगची वायर काढलीच पाहिजे. येथे घाई बोटांवर बेतते. काळ्या ओल्या रानात पाती चिखलाने भरतात; वाफसा येईपर्यंत थांबावे.