परिचारिकेची पात्रता : नोंदणी एकदा, कसोटी रोजची

वाराणसी : काशीतील दूधविनायक, ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या भागांत पेशवेकाळापासून मराठी कुटुंबांची वस्ती आहे. येथील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की, चारचाकी वाहन बहुतेक घरांच्या दारापर्यंत पोहोचत नाही. अशा ठिकाणी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला वारंवार रुग्णालयात नेणे कठीण असते. त्यामुळे त्याची शुश्रूषा घरीच करावी लागते आणि अनेकदा त्यासाठी परिचारिका नेमली जाते. तिच्याजवळचे नोंदणी प्रमाणपत्र ती कधीतरी पात्र ठरली होती, एवढेच सांगते. आजही ती पात्र आहे काय, हा प्रश्न त्यापुढचा आहे. परिचर्या क्षेत्रात त्यालाच ‘निरंतर सक्षमता’ म्हणतात.

नोंदणी कशी आली?

परिचारिकांच्या नोंदणीची मागणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये पुढे आली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. एकदा उत्तीर्ण केलेल्या परीक्षेवरून परिचारिकेचे गुण कायमचे सिद्ध होत नाहीत, असा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. तरीही रुग्णांच्या संरक्षणासाठी नोंदणी अपरिहार्य ठरली आणि १९१९ मध्ये ब्रिटनने तसा कायदा केला. भारतात संयुक्त प्रांताने, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाने, १९३४ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९३५ मध्ये नोंदणीचे कायदे केले. देशभर शिक्षणाचा दर्जा समान राहावा म्हणून भारतीय परिचर्या परिषद अधिनियम १९४७ मध्ये आला. महाराष्ट्रात सध्याची व्यवस्था १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमावर उभी आहे.

ज्ञान जुने का होते?

हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाला वाचवण्याचे प्रशिक्षण २०१० पूर्वी घेतलेल्या परिचारिकेला प्रथम श्वासमार्ग मोकळा करावा, मग श्वास द्यावा आणि नंतर छातीवर दाब द्यावा, असा क्रम शिकवला जात असे. त्या वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी हा क्रम बदलला आणि छातीवर दाब देणे प्रथम स्थानी आले. २०१५ मध्ये दाबाची गती मिनिटाला १०० ते १२० आणि प्रौढांसाठी खोली ५ ते ६ सेंटिमीटर अशी निश्चित करण्यात आली. ज्या परिचारिकेपर्यंत हा बदल पोहोचला नाही, ती प्रामाणिकपणे काम करूनही मोलाचे क्षण गमावू शकते.

कर्करोगाच्या उपचारांत ही गरज अधिक तीव्र आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रामार्फत वाराणसीत लहरतारा येथे होमी भाभा कर्करोग रुग्णालय चालवले जाते. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातील महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्रही त्याच संस्थेचे असून त्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले. केमोथेरपीची काही औषधे शिरेबाहेर झिरपल्यास आसपासच्या ऊतींना गंभीर इजा करतात. औषध देताना सुईची जागा कशी पाहावी, झिरपण्याची पहिली खूण दिसताच काय करावे, सांडलेले औषध कसे आवरावे, हे पदवीच्या काळातील टिपणांवर विसंबून करता येत नाही.

सध्याचा नियम काय?

भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणी व मागोवा प्रणालीअंतर्गत प्रत्येक परिचारिकेला राष्ट्रीय विशिष्ट क्रमांक देण्याची व्यवस्था केली. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी १५० तासांचे निरंतर परिचर्या शिक्षण, असा तिचा निकष आहे. १९४७ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग विधेयक मंजूर केले. नैतिकता व नोंदणीसाठी स्वतंत्र मंडळ आणि राष्ट्रीय नोंदवही यांची तरतूद त्यात आहे. नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तास पुरेसे आहेत काय?

व्याख्यानाला हजर राहिल्याचे तास मोजणे सोपे असते. रुग्णाजवळ हात कसा चालतो, हे मोजणे अवघड. ब्रिटनच्या परिचर्या व प्रसाविका परिषदेने एप्रिल २०१६ पासून पुनर्वैधीकरणाची पद्धत लागू केली. त्यात परिचारिकेला दर तीन वर्षांनी ४५० तास प्रत्यक्ष काम आणि ३५ तास शिक्षण दाखवावे लागते. रुग्ण किंवा सहकाऱ्यांचे पाच अभिप्राय, स्वतःच्या कामावरील पाच चिंतनपर नोंदी आणि त्यांवर दुसऱ्या नोंदणीकृत परिचारिकेशी चर्चाही आवश्यक असते. येथे शिकलेले कामात उतरले काय, हा प्रश्न निदान विचारला जातो.

त्या प्रश्नाचे भारतातील सर्वांत ठळक उत्तर मुंबईच्या केईएम रुग्णालयात मिळते. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये प्राणघातक हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात केईएमच्या परिचारिकांची प्रशंसा करताना, इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, याची आवर्जून नोंद घेतली. शय्याव्रण टाळण्यासाठी ठरावीक वेळाने कूस बदलणे, त्वचा रोज तपासणे, अंथरूण कोरडे ठेवणे आणि पोषण सांभाळणे, यांत एका दिवसाचाही खंड चालत नाही. चार दशकांत परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या. जाणारीने येणारीला काम सोपवले आणि दर्जा टिकला. व्यावसायिकता म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे, याचा हा पुरावा आहे.

मात्र हा दर्जा केवळ वैयक्तिक निष्ठेवर सोडता येत नाही. सलग रात्रपाळ्या करणाऱ्या परिचारिकेला प्रशिक्षणासाठी रजा आणि तिच्या जागी बदली मनुष्यबळ मिळाले नाही, तर १५० तास कागदावर पूर्ण होतात आणि कौशल्य मागे राहते. शिक्षणाचा वेळ कामाचाच भाग मानणे ही रुग्णालय व्यवस्थापनाची जबाबदारी ठरते.

कुटुंबांनी काय पाहावे?

घरी येणारी प्रत्येक सेविका परिचारिका नसते. इंजेक्शन, सलाइन, मूत्रनलिका किंवा जखमेची मलमपट्टी यांसारखी कामे असल्यास नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. नूतनीकरणाची तारीख पाहावी. दुसऱ्या राज्यातून आलेल्या परिचारिकेने येथील परिषदेकडे नोंदणी केली आहे काय, हेही विचारावे. तिने अलीकडे अशाच रुग्णाची शुश्रूषा केली आहे काय, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. एखादे काम आपल्याला येत नाही, डॉक्टरांना विचारावे लागेल, असे स्पष्ट सांगणारी परिचारिका कमी पात्र समजू नये. आपल्या ज्ञानाची मर्यादा ओळखणे ही सक्षमतेची पहिली खूण आहे.