लदणी गेली, तांडा राहिला

पुसदहून दिग्रसकडे, महागावकडे किंवा उमरखेडकडे कुठल्याही रस्त्याने निघा. गाव मागे पडलं की थोड्या अंतरावर, बहुधा चढावरच्या मुरमाड जमिनीवर, एक वेगळी वस्ती दिसते. तिच्या पाटीवर गावाचं किंवा एखाद्या नाईकाचं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचं, नाव असतं आणि त्यापुढे ‘तांडा’. यवतमाळ जिल्ह्याच्या या पट्ट्यात असे तांडे ठायी ठायी आहेत. त्यातल्याच एकात मी लहानाची मोठी झाले. माझे वडील तिथले कारभारी, म्हणजे नाईकाचे साहाय्यक, होते. पुढे शिक्षिका म्हणून मी वेगवेगळ्या तांड्यांवर नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या बंजारा लोकांचा इतिहास वाचायला बसले. वाचता वाचता एक गोष्ट मनात पक्की झाली. सरकारी कागदावर ज्याला मागास वस्ती म्हणतात, तो तांडा म्हणजे माणसांनी ठरवून, नियम करून, एकमेकांच्या भरवशावर राहण्याची फार जुनी आणि फार विचारपूर्वक घडवलेली रीत आहे.

आज आम्ही एका जागी राहतो, पण तांडा मुळात चालता होता. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ आणि पुढे कापूस एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यायचा, ही आमची लदणी. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे काफिले पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे या लोकांचे चार गट होते: एक गहू-ज्वारीसारखं धान्य वाही, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी आणि चौथा मीठ. त्याच्याआधी, १६३२ साली, पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १४,००० बैलांचा तांडा भेटला होता. एका तांड्यात बायका-मुलं धरून सहाशे-सातशे माणसं असतात, संसार बरोबरच चालतो आणि दिवसाची मजल दोन-तीन कोसांची असते, असं त्याने नोंदवलं आहे.

सातशे माणसं आणि हजारो जनावरं रोज संध्याकाळी नव्या माळावर उतरायची. पाणी कुठलं, चारा कुणाच्या वाट्याला किती, राखणीला कोण, आजारी माणसाला कुणाच्या बैलावर बसवायचं, हे सगळं दर मुक्कामाला ठरवावं लागे. शीव नाही, वतन नाही, सातबारा नाही. जमिनीने बांधून ठेवलेलं गाव भांडणतंटा झाला तरी जागचं हलत नाही. तांड्याला तसा आधार नव्हता. माणसांनी एकमेकांना धरून ठेवलं तरच तो उद्या पुढे निघणार. म्हणून त्याचे नियम कडक होते आणि सगळ्यांना तोंडपाठ होते. वाटेवर नाईकाचा शब्द अखेरचा. मुक्कामाला गोण्या एकावर एक रचून भोवती तटबंदी करायची आणि माणसं-गुरं आत घ्यायची.

वऱ्हाडच्या पोलीस खात्यातला कंबरलेज नावाचा इंग्रज अधिकारी १८६०-७० च्या सुमारास आमच्या लोकांत वावरला. त्याने लिहिलेली टिपणं पुढे १८८२ मध्ये पुन्हा छापली गेली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ केला, तेव्हा बंजाऱ्यांवरचं प्रकरण मुख्यतः त्याच टिपणांवर उभं राहिलं. त्यात ‘हटादिया’ बैलाचं वर्णन आहे. या बैलावर कधीच ओझं लादत नसत. तांबड्या रेशमी झुली, घुंगरं, पितळी साखळ्या आणि कवड्यांच्या माळा घालून तो तांड्याच्या पुढे चाले. तो थकून जिथे बसेल तिथे त्या दिवसाचा मुक्काम. संकट आलं की त्याच्याच पायाशी नवस बोलायचा. मला यात श्रद्धेइतकंच शहाणपण दिसतं. कुठे थांबायचं यावरून रोज सातशे माणसांत वाद झाला असता. तो निर्णय कुणा एका घराच्या फायद्या-तोट्यातून बाहेर काढून सगळ्यांना मान्य असलेल्या एका मुक्या जनावराकडे सोपवला होता.

राज्यकर्त्यांना तांडा हवा असे, कारण फौज पोटावर चालते. शहाजहानच्या वजिराबरोबर भंगी आणि जंगी हे राठोड नाईक १६३० च्या सुमारास दक्षिणेत उतरले आणि त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट मिळाला, ही कथा कंबरलेजनेही नोंदवली आहे आणि आमच्याकडे आजही सांगतात. १८०३ च्या लढाईत, असई, अडगाव, गाविलगड या मोहिमांत, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणाऱ्यांत बंजारे होते. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे.

मग पक्के रस्ते झाले, बैलगाड्या वाढल्या आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. बैलाच्या पाठीवर महिनोन्‌महिने चालणारा माल आगगाडी काही दिवसांत नेऊ लागली. लदणी एका पिढीच्या डोळ्यांदेखत बसली. त्यातच १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि भटकी माणसं सरकारच्या नजरेत संशयित ठरली. जंगलं राखीव झाली, गुरं चारायला पैसे पडू लागले. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे.

ज्या धंद्यासाठी तांडा जन्माला आला तो धंदाच गेला. आता घरं पांगायला हवी होती. तसं झालं नाही. तांडे आपापल्या नाईकासह, जसे चालत होते तसेच एकत्र, एकेका माळावर बसले. नदीकाठची काळी जमीन गावकऱ्यांकडे आधीपासून होती. आमच्या वाट्याला डोंगरउतार आला. पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये जुन्या वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं आणि पुसद त्यात आला. याच पुसदजवळची गहुली चतुरसिंग नाईकांनी वसवली. घराण्याचं मूळ आडनाव राठोड. नाईकपणामुळे नाईक हेच आडनाव झालं. त्यांचे नातू वसंतराव १ जुलै १९१३ रोजी गहुलीत जन्मले आणि डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. चालत्या तांड्याच्या नाईकाचा नातू शेतीचा आग्रह धरणारा मुख्यमंत्री झाला आणि त्याचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. तांडा मातीत किती खोल रुजला, हे यावरून कळावं.

थांबलेल्या तांड्याला बांधून ठेवलं ते नसाबने. नसाब म्हणजे तांड्याची न्यायसभा. नाईकाच्या घरासमोर पुरुषमंडळी बसत. नाईक, कारभारी, हसाबी आणि जाणती माणसं पुढे. सुरुवातीला राजा भोजाच्या सभेचं स्मरण व्हायचं, म्हणजे इथे बोलायचं ते खरं बोलायचं. वडील घरून निघताना डोक्याला फेटा बांधत; फेट्याशिवाय ते नसाबला कधी गेले नाहीत. धुऱ्याचं भांडण असो, उसने दिलेले पैसे असोत की मोडलेली सोयरीक, दोन्ही बाजूंना मधे न तोडता बोलू द्यायचे. हसाबी जुने दाखले सांगायचा: अमक्याच्या वेळी काय ठरलं होतं, तमक्याला किती दंड बसला होता. निकाल एका दमात लागत नसे. कधी रात्र सरायची, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. हरणाऱ्याने मान हलवल्याशिवाय वडील उठत नसत. दंडाच्या पैशांतून आमच्या तांड्याने लग्नकार्याची मोठी भांडी घेतली होती. ती नाईकाच्या घरी असत आणि कुणाच्याही कार्याला मोफत मिळत. भांडणातून जमा झालेल्या पैशाची भांडी सगळ्यांच्या जेवणावळीला लागत, हे मला तेव्हाही फार आवडायचं.

दुसरा धागा सणांचा. तीज हा आमच्या लग्न न झालेल्या मुलींचा सण. राखीपौर्णिमेच्या सुमारास मुली नाईकाकडे जाऊन परवानगी मागतात. वारुळाची माती आणतात, त्यात शेणखत मिसळतात, बांबूच्या छोट्या टोपल्या भरून भिजवलेले गहू पेरतात. टोपल्या नाईकाच्या अंगणात मांडवावर ठेवतात. नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ ओळीने पाणी आणायचं, फेर धरून गाणी म्हणायची. ऊन कमी लागल्याने रोप पिवळसर, लांब आणि लवलवीत येतं. गोकुळाष्टमीच्या सुमारास तीज तोडतात, वडीलधाऱ्यांच्या फेट्यात खोवतात आणि उरलेली ओढ्यात सोडतात. प्रत्येक घरच्या मुलीची टोपली त्या मांडवावर असते. श्रीमंत-गरीब ओळखू येत नाही. आमच्या तांड्यात एखाद्या घरी नुकतंच माणूस गेलं असेल तर नाईक स्वतः त्या घरी जाऊन बसायचे आणि त्या घराने हो म्हटल्यावरच पेरणी व्हायची. दिवाळीच्या अमावास्येला मुली दिवे घेऊन घरोघर ‘मेरा’ मागायला जातात, तेव्हाही एक घर वगळलं जात नाही.

ठरवून एकत्र राहण्याची रीत इतरांनीही शोधली आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला १९७२ मध्ये सॅटेडामेन नावाची वसाहत उभी राहिली. सत्तावीस कुटुंबांनी ठरवून शेजारी घरं बांधली, मधे सर्वांचं एक घर ठेवलं, तिथे एकत्र स्वयंपाक आणि जेवण सुरू केलं. जगभर ज्याला को-हाउसिंग म्हणतात ती कल्पना तिथून पसरली. आता आपल्या शहरांतही निवृत्त लोक अशा वसाहतींच्या योजना आखतात. आमच्या शेजारीच, वर्ध्याजवळ सेवाग्राम १९३६ पासून आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांचं आनंदवन १९४९ पासून उभं आहे. एकत्र राहण्यामागे मोठा विचार असेल तर काय घडतं, हे तिथे दिसतं. अशा प्रत्येक ठिकाणी शेवटी तेच प्रश्न येतात: सामायिक वस्तू कुणी सांभाळायच्या, न पटलं तर काय करायचं, दुःखातल्या घराला सगळ्यांत कसं ओढून घ्यायचं. या प्रश्नांची उत्तरं तांड्याने पिढ्यान्‌पिढ्या वापरून पारखली आहेत. पंगतीआधी तंटा मिटवायची जागा लागते, आणि ती तंटा उभा राहण्याआधी ठरलेली लागते.

पण तांडा मला आहे तसा पूजायचा नाही. नसाबात बायका बसत नसत. माझ्या आईच्या हातात घरची सगळी शेती होती, पण तिच्या धुऱ्याचा निकाल पुरुषांनी लावला. होळीला त्या वर्षी जन्मलेल्या मुलाची ‘धुंड’ होते, सगळा तांडा त्या बाळाला आपलं म्हणतो. मुलीसाठी तसा सोहळा नव्हता. दंड न भरणाऱ्याला, जातीबाहेर लग्न करणाऱ्याला वाळीत टाकलं जाई आणि ज्या तांड्याच्या आधारावर माणूस जगे तोच पाठ फिरवी. बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला, तो २०१७ पासून लागू झाला. तो मला आमच्यावरचं आक्रमण वाटत नाही. ज्या वस्तीतून सन्मानाने बाहेर पडता येत नाही, तिथल्या एकीत भीती मिसळलेली असते.

बाहेरूनही अन्याय झाला. तांडा मुख्य गावाच्या ग्रामपंचायतीला जोडलेला, म्हणून विहीर, रस्ता, शाळा आधी गावाला आणि उरलं तर तांड्याला. १९५३ मध्ये दिग्रसला बंजारा समाजाचं अधिवेशन भरलं आणि शिक्षणाचा, संघटनेचा आवाज मोठा झाला. तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायत ही मागणी पिढ्यांनी लावून धरली आहे. आज नसाबची जागा पुष्कळशी ग्रामपंचायतीने, तंटामुक्ती समितीने आणि कोर्टाने घेतली आहे. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही पुण्या-मुंबईला बांधकामावर. म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं मागे राहतात. ज्या तांड्याने रेल्वेच्या धक्क्यातही घरं पांगू दिली नाहीत, त्याच्यातली काही घरं आता अर्धं वर्ष कुलूपबंद असतात.

म्हणून माझा आग्रह आहे. आमच्या तीर्थक्षेत्री, पोहरादेवीला, आता वारसा संग्रहालय झालं आहे. दागिने, घागरे, वाद्यं तिथे जपली जातील आणि जपलीच पाहिजेत. पण आमचा सर्वांत मोलाचा वारसा म्हणजे एकत्र राहण्याची घडी, आणि ती काचेच्या कपाटात मावत नाही. ती चालवावी लागते. तांड्यांना त्यांची ग्रामपंचायत मिळावी आणि तिच्या ग्रामसभेत नसाबची सबुरी यावी: दोन्ही बाजूंचं पूर्ण ऐकणं, जुने दाखले काढणं, हरणाऱ्याला पटेपर्यंत बसणं. त्या सभेत बायका पुढच्या ओळीत असाव्यात. मुलीचीही धुंड व्हावी. पुण्या-मुंबईला गेलेल्या घरच्या मुलीची तिजेची टोपली मागे राहिलेल्या आजीने पेरावी, म्हणजे त्या घराचं मांडवावरचं स्थान जाणार नाही. आणि शहरात जे नव्याने एकत्र राहायला निघाले आहेत, त्यांनी आर्किटेक्टकडे जाण्याआधी पुसद-दिग्रसच्या एखाद्या तांड्यावर यावं, जुन्या नाईकाशी, कारभाऱ्याशी आणि त्यांच्या लेकीसुनांशी बोलावं. घरं कशी बांधायची हे पुष्कळांना माहीत आहे. धंदा गेला, कायदा उलटला, दुष्काळ पडला तरी माणसं एकमेकांना सोडत नाहीत ती कशामुळे, हे आमच्या लोकांनी जगून शिकलेलं आहे, आणि ते विचारणाऱ्याला सांगायला आम्ही तयार आहोत.